पाच पिल्लं आणि एक न धुतलेला कोट

आत्याच्या नाकाबद्दल त्या रस्त्यावर बऱ्याच आख्यायिका होत्या. निम्म्या तिने स्वतःच पसरवल्या होत्या. उरलेल्या निम्म्या, गिऱ्हाइकांच्या दुर्दैवाने, खऱ्या होत्या.

व्यायामशाळेच्या मास्तरांचंच घ्या. एकदा ते लाँड्रीत ट्रॅकसूट घेऊन आले आणि काउंटरवर टाकत म्हणाले, "घामाचे डाग आहेत, आत्या. मेहनतीचा घाम."

आत्या मागच्या खोलीतून हात पुसत बाहेर आली. ट्रॅकसूट उचलला, डोळे मिटले, एकदा हुंगलं.

"मास्तर, तुमच्या घामात लोणी कधीपासून यायला लागलं?"

"म्हणजे?"

"आणि व्हॅनिला?"

मास्तरांनी आधी मागे वळून बघितलं. दारात बायको नाही याची खात्री झाल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "एकच तुकडा खाल्ला हो."

"एका तुकड्याने कोपरापर्यंत क्रीम? केक खाल्लात की केकात पोहलात?"

तेव्हापासून मास्तर आपले कपडे शेजाऱ्याच्या हाती पाठवत. आत्या हुंगून शेजाऱ्यालाच निरोप देई, "त्यांना म्हणावं, या खेपेला चॉकलेट."

साठीला टेकलेली, काटकुळी, कायम बाह्या दुमडलेली बाई. मागच्या खोलीत तीन मोऱ्या, एक वाफेची इस्त्री, कपडे टांगायचे दोन लांब दांडे आणि भिंतीवर एक फळी. त्या फळीवर सात बाटल्या. कुठल्याही बाटलीवर काही लिहिलेलं नाही. शाईच्या डागाची कुठली, तेलकटाची कुठली, लोकरीच्या साबणाची कुठली, आत्या बूच उघडून नुसतं नाकाजवळून फिरवायची की झालं. "नावं आंधळ्यांसाठी असतात," असं ती म्हणायची. त्या वाक्याला अर्थ नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. लग्न का केलं नाही, असं विचारलं तर म्हणायची, "जन्मभर एकाच माणसाचे कपडे धुवायचे? कंटाळा नाही का येणार!"

पुढच्या खोलीत, काउंटरवर, तिची भावजय. आत्याच्या धाकट्या भावाची बायको. ही गोल, गोरी, चष्मा कपाळावर सारून चष्मा शोधणारी. ती कपडे घेई, प्रत्येकाला सुरक्षित टाचणीने चिठ्ठी लावी आणि चिठ्ठीवर लिही: 'बाही, शाई' किंवा 'मांडी, चहा'. दोन शब्द, बस. चिठ्ठी आत जाई आणि आतून कपडा स्वच्छ होऊन येई. भाऊ होता तेव्हा त्याचं मुख्य काम म्हणजे या दोघींच्या मध्ये उभं राहणं. अकरा वर्षांपूर्वी तो गेला. आता या दोघी महिनाभरसुद्धा एका छपराखाली राहायच्या नाहीत, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण भाऊ गेला आणि भांडण तेवढं दोघींच्या वाट्याला आलं. ते अर्धं अर्धं वाटून घेता येईना, म्हणून दोघी एकत्र राहिल्या.

भावाची एक गोष्ट मात्र दुकानात होती. मागच्या खोलीत, दांड्याच्या टोकाला, शेवटच्या खुंटीवर त्याचा तपकिरी कोट. अकरा वर्षांत तो धुतला नव्हता. ज्या बाईने कॉलरची रेघ बघून माणसाला पायरीवरून परत पाठवावं, तिच्या खोलीत एक मळका कोट! दर शनिवारी दुकान आवरताना आत्या, कोणी बघत नाही असं समजून, त्याच्या कॉलरला नाक लावायची. तपकीर आणि दाढीचा साबण. भावजय, आपण बघत नाही असं दाखवून, पुढे चिठ्ठ्या मोजायची.

आणि मग ते नाक गेलं.

सात आठवड्यांपूर्वी आत्याला ताप आला. चार दिवस अंथरुणात काढून पाचव्या दिवशी ती दुकानात उभी राहिली, तेलकटाची बाटली उघडली, नाकाजवळून फिरवली. काही नाही. दुसरी उघडली. पाणी. तिसरी. पाणी. सातही बाटल्यांत देवाने नुसतं पाणी भरून ठेवलं होतं. सर्दी असेल म्हणून तिने आठवडाभर वाट बघितली. वाफारे घेतले. मिरी चावली, त्याने जीभ पोळली, पण नाक ढिम्म.

भावजयीला सांगायचं? छे! भावजयीचा मुलगा दुसऱ्या गावी मोठ्या घरात राहत होता आणि दर रविवारी फोनवर म्हणायचा, "आई, पुरे झालं आता. दुकान बंद करा, तू इकडे ये." भावजय दर रविवारी म्हणायची, "बघू रे. वन्सं आहेत तोवर चाललंय." वन्सं म्हणजे आत्या. आता वन्संच्या नाकाचाच हा निकाल लागला म्हटल्यावर ती कशाला थांबेल? आणि ती गेली, की मागे राहणार एक म्हातारी आणि तीन मोऱ्या.

म्हणून आत्याने नाटक सुरू केलं. कपडा नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, भुवई वर करायची, "हं!" म्हणायचं. बाटल्या ओळीने लावून त्यांची जागा पाठ केली: डावीकडून पहिली शाई, दुसरी तेलकट, तिसरी लोकरीचा साबण, पाचवं सुगंधी पाणी, सातवी ब्लीच. आणि नशिबाने, नेमक्या त्याच दिवसांत भावजयीला लिहायचा उमाळा आला. चिठ्ठ्या लांबायला लागल्या. 'बाही, रस्सा, मासळीचा वास येतो.' 'पाठ, घाम, वर अत्तर मारलंय, बायकोपासून लपवलेलं दिसतं.' 'खिसा, रॉकेल, नक्की रॉकेल.'

"कादंबऱ्या कसल्या लिहितेस?" आत्या आतून ओरडायची. "मला काय नाक नाही?"

"हात चालतो, म्हणून लिहिते," भावजय म्हणायची.

आत्या मनात म्हणायची, बावळट आहे बिचारी. तिला काही पत्ताच नाही.

मांजर आलं ते ताप जाऊन तीन आठवडे झाल्यावर. करडं, पट्ट्यांचं, एक कान फाटलेला, पोट जमिनीला टेकलेलं. मागच्या दारातून शिरलं, तिन्ही मोऱ्या बघितल्या, नाक मुरडलं आणि कोणी न्यायला न आलेल्या कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसलं.

भावजय दारात आली. मांजराने तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मान फिरवली.

"अगं बाई," भावजय म्हणाली. "सासूबाई!"

"कोण?"

"बघा ना. तीच नजर. लग्न होऊन मी घरात पाऊल टाकलं तेव्हा अश्शाच बघत होत्या."

"ए, ती माझी आई होती."

"मग मी कुठे नाही म्हणते? तुम्हीच सांगा, दिसतात की नाही?"

आत्याने बघितलं. मांजराने तिच्याकडेही तसंच बघितलं, आणि आत्याने नकळत दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या. विषय संपला. मांजराचं नाव सासूबाई पडलं, आणि सासूबाई म्हटल्यावर अरेतुरे कोण करणार? सासूबाई आल्या, सासूबाई जेवल्या, सासूबाई रुसल्या. तीन आठवड्यांनी टोपलीत सासूबाई बाळंत झाल्या. दोन पिल्लं, दोन्ही करडी, दोन्ही बोक्याच्या वळणावर, असं भावजयीचं मत. बोका तिने बघितलेला नव्हता.

त्यानंतर पाच दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमाराला, लिफ्टवाला आला. हा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, लाँड्रीचं जुनं गिऱ्हाईक, नखापासून कोपरापर्यंत ग्रीस. हातात अवजारांची पेटी, आणि पेटीतून आवाज: चीं, चीं.

"आत्या, तुमच्याकडे ओली बाळंतीण आहे म्हणे?"

"चारचौघांत काय बोलतोस रे!" भावजय म्हणाली.

त्याने पेटी उघडली. पाने आणि स्क्रूड्रायव्हर बाजूला सारून आत तीन काळे गोळे. "लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात होती. आई काल रात्री गाडीखाली आली, वॉचमन सांगत होता. कालपासून उपाशी आहेत. म्हटलं, तुमच्या मांजराच्या पदरात घालावीत."

"तीन?" भावजय म्हणाली. "दोन तिची, तीन ही. आम्ही काय पाळणाघर..."

पण आत्या पेटीवर वाकली होती. तिला पिल्लं दिसलीच नाहीत. तिला दिसलं ग्रीस. जुनं, दाट, केसांत मुरलेलं. सात आठवडे ती डागांसमोर चोरासारखी उभी राहिली होती. हा डाग असा होता की त्याला नाक लागत नव्हतं. डोळ्यांना दिसत होता, बोटांना लागत होता.

"आण इकडे," ती म्हणाली, आणि पेटीच उचलून आत घेऊन गेली.

सासूबाई पाय मोकळे करायला मागच्या गल्लीत गेल्या होत्या. आत्याने कोमट पाणी घेतलं. कोपर बुडवून बघितलं. मग फळीवरची तिसरी बाटली घेतली: लोकरीचा साबण, सगळ्यात सौम्य. तान्ह्या बाळाची झबली त्यातच धुवायची. तिने पिल्लू तळहातावर घेतलं, एका बोटाने साबण चोळला, आणि काळ्या गोळ्यातून एक पिवळं पिल्लू निघालं. दुसऱ्यातून दुसरं पिवळं. आत्या गुणगुणायला लागली.

तिसरं पांढरं निघालं. शुभ्र! फक्त पाठीवर, शेपटीच्या वर, रुपयाएवढा काळा डाग. तो जाईना. आत्याने पुन्हा साबण घेतला, पुन्हा चोळलं. मऊ ब्रश आणला. पिल्लू तारस्वरात ओरडत होतं. "रड, रड," आत्या म्हणाली. "मंत्र्यांचे कोट रडलेत माझ्या हाताखाली." पाच मिनिटं झाली. डाग जसाच्या तसा.

शेवटी हात ओले आहेतच तर म्हणून तिने सासूबाईंची दोन पिल्लंही धुतली. टोपलीतल्या मळक्या चिंध्या काढून वाफेच्या भांड्यात टाकल्या, खाली कडक इस्त्रीची चादर अंथरली. पाचही पिल्लं टॉवेलमध्ये गुंडाळून इस्त्रीच्या उबेला सुकवली आणि ओळीने ठेवली. आत्याच्या हातून इतकं स्वच्छ काम सात आठवड्यांत झालं नव्हतं.

सासूबाई गल्लीतून आल्या. टोपलीच्या काठावर पुढचे दोन पाय ठेवले. वाकल्या. हुंगलं.

शिंकल्या.

मग फिस्सकन मागे सरकल्या, पाठीची कमान केली, आपल्याच पोरांवर गुरकावल्या, आणि एका उडीत फळीवर, तिथून कपाटाच्या टपावर. फळीवरच्या बाटल्या डुगडुगल्या. कपाटावरून त्यांनी खोलीकडे अशा नजरेने बघितलं की भावजयीने दारातच पदर सावरला.

"काय केलंत वन्सं?"

"काही नाही. आंघोळ घातली."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

खाली पाच तोंडं उघडी. चीं, चीं, चीं. आत्याने एक करडं पिल्लू उचलून वर धरलं. "अगं घे ना, तुझंच आहे!" सासूबाईंनी पंजा मारला. एक वाजला, दोन वाजले. दूध ठेवलं, मासळीचे तुकडे ठेवले. सासूबाई हलल्या नाहीत. अडीचच्या सुमाराला पांढऱ्याचं ओरडणं बंद झालं. ते नुसतं तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता. तेव्हा भावजयीने फोन उचलला.

जनावरांची डॉक्टरीण स्कूटरवरून आली. उंच, घाईत असलेली, कुत्र्यांच्या केसांनी माखलेली पँट. तीही इथलीच गिऱ्हाईक. मागच्या खोलीच्या दारात पाऊल टाकलं आणि तिने नाकाला रुमाल लावला.

"बाई गं! इथे अत्तराचं पिंप फुटलंय का?"

आत्या थिजली. तिने फळीकडे बघितलं. तिसऱ्या जागेवरची बाटली मोरीच्या काठावर होती. तिच्यात लोकरीचा साबण असायला हवा होता. पण सासूबाई तर रोजच त्या फळीवरून कपाटावर जात. डुगडुगलेल्या, पडलेल्या बाटल्या कोण उचलून ठेवत होतं? ती स्वतःच. जिथे रिकामी जागा दिसेल तिथे.

"कपडे मऊ करायचं सुगंधी पाणी," डॉक्टरीणबाई बाटली हुंगत म्हणाल्या. "पाच दिवसांच्या पिल्लांना? कोणी केलं हे?"

आत्याने तोंड उघडलं.

"मी," भावजय म्हणाली. "माझाच गाढवपणा. मला काय कळतंय बाटल्यांतलं?"

आत्याने तोंड मिटलं.

"मांजर पोरांना वासाने ओळखतं. तिच्या दृष्टीने तिची पोरं गायब, आणि टोपलीत पाच अत्तराच्या कुप्या." डॉक्टरीणबाईंनी पिल्लं एकेक करून तपासली. पांढऱ्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "आणि ह्याला इथे एवढं खरचटलं कशाने?"

"तो डाग निघेना," आत्या म्हणाली.

"कुठला डाग?"

"तो काय, काळा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, पिल्लाकडे बघितलं. "आत्या, तो डाग नाही. ते मांजर आहे."

भावजयीने पदर तोंडात कोंबला.

"साध्या कोमट पाण्याने पुन्हा धुवा, नीट कोरडी करा, ऊब द्या. ही पावडर आणि ड्रॉपर, थेंब थेंब पाजा. पण यावर फार निभायचं नाही, त्या पांढऱ्याचं तर नाहीच. आई खाली यायला हवी, आणि आजच. तिचा वास असलेलं काहीतरी शोधा. न धुतलेलं. त्याने पाचही जणांना चोळा, म्हणजे पाचही तिचीच वाटतील." निघताना त्यांचं लक्ष फळीकडे गेलं. एक बाटली उघडून त्यांनी झटकन डोकं मागे घेतलं. "आणि हे काय? ब्लीच? बिननावाचं, त्याच फळीवर?" त्या भावजयीकडे वळल्या. "तुम्ही दोन बोटं उजवीकडची बाटली उचलली असतीत ना, तर मला बोलवायची वेळच आली नसती."

स्कूटर गेली. आत्या मोरीच्या काठावर बसली. हात मांडीवर उपडे टाकून, जणू ते दुसऱ्याचे आहेत.

"उठा," भावजय म्हणाली. "पाणी तापवा. रडायचं नंतर."

"मी कुठे रडतेय?"

"मग तर उठाच."

दोघींनी पिल्लं साध्या पाण्याने धुतली, पुसली, थेंब थेंब पाजली. मग शोध सुरू झाला. टोपलीतल्या चिंध्या तर आत्याने वाफेत उकळून काढल्या होत्या. तिने ढिगातून एक ओढणी उपसली, नाकाशी नेली, डोळे मिटले, भुवई वर केली. "हं! हिच्यावर बसली होती ती. येतोय वास."

भावजयीने ओढणी घेऊन हुंगली. "कांदा."

आत्याने एक पायजमा काढला. "मग हा. नक्की हा."

"विडी."

"हा टॉवेल. हा तर..."

"वन्सं," भावजय म्हणाली. "पुरे."

ती खोलीच्या टोकाला गेली. शेवटच्या खुंटीवरून तपकिरी कोट काढला, हात लांब करून, दोन बोटांच्या चिमटीत धरून आणला. आत्या ताडकन उठली.

"त्याला हात लावू नकोस! बारक्याचा कोट आहे तो!"

"ह्यांचा होता. आता सासूबाईंचा आहे. चार आठवडे झाले, त्या ह्याच्या अस्तराला अंग घासतात आणि त्याच्यावरच मुततात."

"काय?"

"दिवसाआड. कधी रोज. पुढे काउंटरवर माझ्या नाकाला झिणझिण्या येतात, आणि तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या राहून गाणी म्हणत इस्त्री करता."

आत्याने कोटाच्या अस्तराकडे बघितलं.

"बरं, तेवढ्याने नसतं कळलं," भावजय म्हणाली. "म्हटलं, कामाच्या नादात असतील. पण गेल्या शनिवारी तुम्ही कॉलरला नाक लावलंत, चांगला खोल श्वास घेतलात, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, 'अजून बारक्याचा वास येतो गं.' सकाळीच सासूबाई त्याच्यावर दोनदा जाऊन आल्या होत्या. मी म्हटलं, एक तर वन्संचं नाक गेलं, नाहीतर माझ्या नवऱ्याबद्दल ह्यांचं खरं मत मला आजवर माहीत नव्हतं."

कपाटावरून सासूबाई ऐकत होत्या.

"म्हणजे त्या चिठ्ठ्या..." आत्या म्हणाली.

"त्या तापानंतर आठ दिवसांनीच सुरू केल्या. संशय तेव्हापासूनचा. चहात मीठ टाकलेलं ओळखता, पण जळलेलं दूध दोन कप प्यायलात."

"आणि कोटावर मुतते, हे मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर नाकाचंही बोलावं लागलं असतं. तुम्हाला ते नको होतं. एवढं झकास नाटक करत होतात, मध्येच कसं उठायचं?"

आत्याने मोरीचा नळ उघडला, बंद केला. पुन्हा उघडला.

"मग आता तू जाणार," ती नळाकडे बघत म्हणाली.

"कुठे?"

"लेकाकडे. मी आहे तोवर चाललंय, म्हणतेस ना? मी तर... नाकच नाही तर मी कसली आहे!"

"त्याच्याकडे?" भावजयीने चष्मा कपाळावर सारला. "भलतंसलतं बोलू नका. त्याची बायको इतकी चांगली आहे हो, भांडतच नाही. काहीही म्हणा, 'बरं आई.' दोन दिवसांत माझी जीभ टाळूला चिकटते. माणसाने बोलायचं कोणाशी?" मग कोट पुढे केला. "धरा. हे तुमच्या भावाचं आणि माझ्या सासूचं एकत्र आहे, मला एकटीला झेपायचं नाही."

आत्याने कोट घेतला. अस्तर उलटं केलं. आयुष्यात हजारो कपड्यांतून जे तिने काढलं होतं ते आता तिला लावायचं होतं. तिने पहिलं करडं पिल्लू अस्तरात धरलं आणि हळूच चोळलं.

"जोरात," भावजय म्हणाली. "आणि डावीकडे. उजवीकडे नुसतीच तपकीर आहे."

"उजवीकडे तपकीर येते अजून?"

"येते."

"आणि साबण?"

भावजयीने कोटाच्या खांद्यापाशी नाक नेलं. चेहरा वेडावाकडा झाला, पण तिने नाक काढलं नाही. "थोडासा," ती म्हणाली. "इथे, कॉलरच्या आत. मांजराच्या मागे."

आत्याने मान हलवली आणि दुसरं पिल्लू घेतलं. डावीकडचं अस्तर. पाठ, पोट, कान, शेपटी. करडी दोन झाली, पिवळी दोन झाली. पांढऱ्याला तिने सगळ्यात जास्त चोळलं, काळा भाग सोडून. मग टोपलीत कोटच अंथरला, पाचही त्यावर ठेवली, आणि दोघी पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, चोरट्यांसारख्या.

बराच वेळ काही नाही. पुढे एक गिऱ्हाईक आलं, भावजयीने त्याला हातानेच बाहेर हाकललं. मग कपाटावरून धप्प.

सासूबाई टोपलीपाशी गेल्या. काठावर पाय. हुंगलं. सासूबाईंनी पुन्हा हुंगलं, या खेपेला सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. मग आत उतरल्या, गोल फिरल्या, आणि आडव्या झाल्या. करडी दोन आधी पोहोचली. मग पिवळी, एकमेकांच्या डोक्यावरून. पांढरं वाट चुकून पाठीमागे गेलं.

"तिकडे नाही रे, मूर्खा," आत्या कुजबुजली. "पुढे. पुढे!"

सासूबाईंनी मान वळवली. पांढऱ्याच्या तोंडावर एक चापट दिली. भावजयीने आत्याचं मनगट पकडलं. मग सासूबाईंनी त्याच पंजाने त्याला खाली दाबून धरलं आणि चाटायला सुरुवात केली. डोकं नाही, पोट नाही. पाठीवरचा तो काळा भाग. चाटला, थांबल्या, बघितलं, पुन्हा चाटला.

"बघ!" आत्या म्हणाली. "तिलाही डागच वाटतोय!"

"वाटणारच. आई कोणाची आहे?"

पाच मिनिटांनी सासूबाईंनी हार मानली आणि पांढऱ्याला नाकाने पोटाशी लोटलं. ते चिकटलं. त्याची शेपटी ताठ उभी राहिली. आत्या खाली जमिनीवर बसली, आणि तेव्हा मात्र तिचे डोळे वाहायला लागले. भावजयीने तिला पुसायला एक रुमाल दिला.

"हा कोणाचा?"

"लिफ्टवाल्याचा. द्यायचाय त्याला, नीट पुसा."

दुसऱ्या दिवशी फळीवरच्या सातही बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लागली. ब्लीच फळीवरून उतरून कुलपात गेलं. आणि चिठ्ठ्या पुन्हा दोन शब्दांवर आल्या, कारण आता लिहायची गरजच उरली नव्हती. आत्या आतून खुशाल ओरडून विचारायची, "वास कसला?" आणि भावजय काउंटरवरून, गिऱ्हाइकाच्या तोंडावर, ओरडून सांगायची. गिऱ्हाइकं कमी होतील अशी दोघींना भीती होती. उलट वाढली. आपल्या कपड्यांचं नाही, तरी रांगेतल्या पुढच्याचं ऐकायला मिळतं.

रविवारी मुलाचा फोन आला. "आई, काय ठरलं तुझं? कधी येतेस?"

"जमायचं नाही रे. मी इथे शिकाऊ आहे सध्या," भावजय म्हणाली, आणि फोन खांद्याने कानाशी धरून समोरचा ट्रॅकसूट उचलला. व्यायामशाळेचे मास्तर स्वतः आले होते. आत्याचं नाक गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांचा चेहरा बऱ्याच वर्षांनी मोकळा दिसत होता.

"घाम," भावजय हुंगून ओरडली.

"नीट हुंग!" आतून आवाज आला. "घाईने हुंगतेस. कोपर बघ. कोपराच्या आतली बाजू."

भावजयीने कोपर नाकाशी नेलं. डोळे मिटले. भुवई वर केली.

"वन्सं," ती म्हणाली, "स्ट्रॉबेरी."